मित्रबुरशीचं कूळ विचारायचं की काम?

रब्बीच्या तोंडावर आमच्या भागात शेतकरी मेळावा झाला. हरभऱ्याच्या मररोगावर बोलताना व्याख्यात्यांनी ‘ट्रायकोबार्क’चा उल्लेख केला. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांचा मारा करून निवडलेली ट्रायकोडर्मा व्हायरेन्स ही मित्रबुरशी, म्हणजे रोगकारक बुरशीला खाणारी बुरशी, त्यात असते. ‘अणू’ हा शब्द कानावर पडला आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. नैसर्गिक शेती करणारे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “म्हणजे आता किरणोत्सर्गी बुरशी आमच्या मातीत सोडणार का?” व्यासपीठावरून उत्तर आलं, “अहो, आधी विज्ञान समजून घ्या.” दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. मग अर्धा तास जी जुंपली तिच्यात एका बाजूला ‘निसर्ग’ होता, दुसऱ्या बाजूला ‘विज्ञान’ होतं आणि हरभरा कुठेच नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मित्रबुरशीत जनुकीय सुधारणा करायला हवी. किरणांनी करावी, पेशी जुळवून करावी आणि नेमक्या जागी जनुक संपादन करूनही करावी. पण नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणणाऱ्या आपल्या समाजात सध्या बुरशीचं तेवढं कूळ विचारलं जातंय, तिचं काम कुणी विचारत नाही. ती मातीत गेल्यावर काय करते, किती दिवस टिकते, शेजारच्या जिवांना काय देते, त्यांच्याकडून काय घेते, हे खरे प्रश्न. ती कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्राखाली जन्मली हा त्यामानाने फार लहान प्रश्न. दुर्दैव असं, की आपला कायदाही मांडवातल्या त्या भांडणासारखाच कुळावर अडून बसलाय.

ज्यांनी मर पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कालपर्यंत हिरवंगार असलेलं हरभऱ्याचं झाड सकाळी मान टाकतं. पानं अजून हिरवीच असतात. झाड उपटून खोड उभं चिरलं की आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते. फ्युजारियम नावाची बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरून बसलेली असते. तिचे बीजाणू हरभरा नसलेल्या मातीतही वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे एखाद्या वर्षाच्या फेरपालटाने काम भागत नाही. यावर शेतकऱ्याच्या हातात तीन गोष्टी असतात: प्रतिकारक वाण, बियाण्याला लावायचं रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा. पेरणीआधी गोणपाटावर बी पसरायचं, गुळाचं पाणी शिंपडायचं, किलोला पाच-दहा ग्रॅम भुकटी टाकून हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. हाताला हिरवट पीठ लागतं, ते दोन वेळा धुऊनही नखात राहतं. ही भुकटी म्हणजे जिवंत फौज. तिचे तंतू रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेलीसारखे विळखे घालतात, विकरं सोडून तिची भिंत, म्हणजे कायटिन या चिवट पदार्थाचं कवच, विरघळवतात आणि आतला माल खातात. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग यांनी हे परजीवीपण पहिल्यांदा नीट मांडलं. पुढे कळलं की हिचं काम एवढ्यावर थांबत नाही. ती मुळाच्या वरच्या थरात बिऱ्हाड करते आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते.

आता त्या ‘किरणोत्सर्गी’ शंकेचं पाहू, कारण तिला तुच्छतेने उडवून लावणं मला पटलं नाही. ज्या माणसाला अणू म्हटल्यावर फक्त बॉम्ब आणि अणुभट्टी एवढंच माहीत आहे, त्याने हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी? उत्तर साधं आहे. गॅमा किरण बीजाणूंतून आरपार जातात, जाता जाता त्यांच्या डीएनएत मोडतोड करतात आणि संपतात. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरणं सोडत नाही, तसंच हे. याच ट्रॉम्ब्याने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून दिलेला टीएजी-२४ हा भुईमूग आपल्याकडे कित्येक वर्षं पेरला गेला. त्या नावातलं टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि जी म्हणजे ग्राउंडनट. त्याची चटणी करून खाताना कुणाच्या घशात अणू अडकला नाही.

बुरशीची सुधारणा तर याहून जुनी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत पिओरियाच्या बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर पेनिसिलियमची चांगली जात सापडली. तिच्यावर आधी क्ष-किरण, मग अतिनील किरण सोडून, हजारो वसाहतींतून निवड करत करत तिचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढवलं गेलं. स्वातंत्र्यानंतर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो अशाच सुधारलेल्या बुरशीच्या जोरावर. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांतली कितीतरी माणसं या ‘छेडछाड केलेल्या’ बुरशीमुळे न्यूमोनियातून उठली. तेव्हा कुणी तिचं कूळ विचारलं होतं?

इथे समोरचा हुशार माणूस मला अडवेल आणि त्याचं बरोबर असेल. पेनिसिलियम पोलादी टाकीत बंद असते. काम झालं की तिला मारतात, गाळतात आणि औषध तेवढं बाहेर येतं. ट्रायकोडर्मा मात्र तुम्ही जिवंत, उघड्या रानात सोडता. औषध चुकलं तर बाजारातून परत मागवता येतं. माती कशी परत मागवणार? हा आक्षेप मला या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम वाटतो, आणि ‘विज्ञान समजून घ्या’वाल्यांनी त्याला आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. उलट तो आणखी धारदार करता येतो. बुरश्या एकमेकींत जनुकांची देवघेव करतात. गव्हावर एक रोगकारक बुरशी होती, तिच्याकडे टॉक्स-ए नावाचं विष बनवणारं जनुक होतं. १९४० च्या आसपास हे जनुक तिच्याकडून दुसऱ्याच एका बुरशीकडे गेलं आणि त्या दुसरीने गव्हावर ‘टॅन स्पॉट’ हा मोठा रोग उभा केला. २००६ मध्ये संशोधकांनी जनुकांचा माग काढून हे दाखवून दिलं. म्हणजे ‘असं होणार नाही’ हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तसं होतं.

शिवाय ‘मित्र’ हा शब्दही आपण सैल वापरतो. हीच ट्रायकोडर्मा अळिंबी पिकवणाऱ्याला विचारा. ब्रिटन-आयर्लंडात १९८० च्या दशकात आणि पुढे उत्तर अमेरिकेत तिच्या एका जातीने अळिंबीच्या खोल्याच्या खोल्या हिरव्या करून टाकल्या, पीक हातचं गेलं. बुरशी खाणाऱ्याला आपली बुरशी कोणती आणि परकी कोणती हे कसं कळावं? तिची खाण्याची ताकद वाढवताना ती कुणाला खाईल हे विचारणं हा भित्रेपणा नाही.

तर मग मी सुधारणेच्या बाजूने का? कारण वरच्या दोन्ही उदाहरणांकडे पुन्हा पाहा. टॉक्स-ए कुणी प्रयोगशाळेतून सोडलं नव्हतं. अळिंबीवरची ती ट्रायकोडर्मा कुणी घडवली नव्हती. दोन्ही शंभर टक्के ‘नैसर्गिक’. आज दुकानातल्या पाकिटातून आपण जे बीजाणू रानात टाकतो तेही परत मागवता येत नाहीत, तेही देवघेव करतात, तेही दुसऱ्या गावच्या मातीतून आणलेले असतात. आक्षेप खरा आहे, पण तो जिवंत जीव मातीत सोडण्यावरचा आक्षेप आहे. तो फक्त सुधारलेल्या बुरशीला लावायचा आणि साध्या बुरशीला मोकळं सोडायचं, याला तर्क म्हणत नाहीत. आणि जनुकं जिवांमध्ये फिरतात ही भीती खरी मानली, तर त्यातून निघणारा निष्कर्ष कदाचित उलटाच निघतो.

ही गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे आणि बुरशीची नसून जिवाणूची आहे, पण तिच्याइतकी नेमकी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. बदाम, पीच, गुलाब यांच्या बुंध्याशी गाठी आणणारा अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आहे. अॅडलेडच्या वेट संस्थेतले अॅलन केर यांनी त्याचाच एक निरुपद्रवी भाऊबंद शोधला, के-८४. तो एक प्रतिजैविक बनवतो आणि रोगकारक जिवाणूला मारतो. लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवायची, बस्स. १९७० च्या दशकापासून हा उपाय उत्तम चालला. मग एक गोम लक्षात आली. प्रतिजैविक बनवण्याची आणि त्याच प्रतिजैविकापासून वाचण्याची अशी दोन्ही जनुकं के-८४ च्या एकाच प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या छोट्या कड्यावर होती आणि ते प्लास्मिड उडी मारून रोगकारक जिवाणूत जाऊ शकत होतं. म्हणजे आपला पहारेकरी चोराला स्वतःची ढाल भेट देऊ शकत होता. केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? प्लास्मिडची उडी मारण्याची सोय जिथे होती तेवढा तुकडा जनुकीय तंत्राने कापून टाकला. नवीन काही घातलं नाही. त्यातून के-१०२६ तयार झाला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात विक्रीला आला. जनुकीय बदल केलेला आणि शेतात सोडण्यासाठी विकला गेलेला जगातला पहिला जीव म्हणून त्याची नोंद होते.

इथे धोकादायक कोण होता? नैसर्गिक के-८४. सुरक्षित कोण? ज्याच्यात माणसाने हात घातला तो के-१०२६. जो कुळावर अडून बसेल तो पहिल्याला आत घेईल आणि दुसऱ्याला दाराशी अडवेल.

आपलं नेमकं तेच चाललंय. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये जे नियम झाले, त्यांच्या नावातच घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव शेजारी शेजारी बसवले आहेत. त्यातली व्याख्या बारकाईने वाचा. बाहेरचं जनुक घालणं तिच्यात येतं, हे ठीक. जिवाच्या स्वतःच्या जनुकाचा तुकडा काढून टाकणंही येतं. दोन पेशी जुळवून संकर करणंही येतं. गॅमा किरणांनी हजार ठिकाणी अंदाधुंद मोडतोड करून त्यातून निवड करणं मात्र येत नाही. म्हणजे कुठे कुठे बदल झाला याची पूर्ण यादी आधी हातात नसते ती बुरशी साध्या जैविक कीडनाशकाच्या वाटेने जाईल, आणि एकाच ज्ञात जागी एकच ज्ञात बदल केलेली बुरशी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीच्या दारात उभी राहील. ट्रायकोबार्कला अडवा असं मी म्हणत नाहीये; ती आली याचा मला आनंद आहे. प्रश्न असा, की ज्या न्यायाने ती आत आली त्याच न्यायाने तिची जास्त नेमकी धाकटी बहीण बाहेर का?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्रात गॅरी हारमन यांनी १९८० च्या दशकात ट्रायकोडर्माचे दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वेगळे उपप्रकार घेतले, त्यांच्या पेशींच्या भिंती विरघळवल्या आणि उघडे पडलेले जीवद्रव्य एकमेकांत मिसळवलं. त्यातून निवडलेला टी-२२ मुळांवर पालकांपेक्षा चांगला पसरतो आणि तिथे टिकतो. ‘रूटशील्ड’ या नावाने तो तीस वर्षांहून अधिक काळ हरितगृहांत आणि शेतांत वापरला जातोय. आपल्या व्याख्येच्या चौकटीत हेच काम इथे करायचं म्हटलं तर आधी फायलींचा ढीग लागेल. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने बाहेरचं जनुक न राहिलेल्या संपादित पिकांना या नियमांतल्या मोठ्या भागातून सूट दिली, आणि २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले. चांगलं पाऊल. पण ती सूट वनस्पतींपुरती आहे. भाताला एक न्याय आणि भाताच्या मुळाशी राहणाऱ्या बुरशीला दुसरा!

कुणी म्हणेल, कडक नियम असलेले बरे, निदान काळजी तरी घेतली जाते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात काय झालं ते आठवा. पानांवर हिमकण जमायला मदत करणारं जनुक काढून टाकलेला जिवाणू स्ट्रॉबेरीवर फवारायचा होता. तसे जनुक नसलेले जिवाणू निसर्गातही असतात. तरी कोर्टकज्ज्यांत वर्षं गेली, आणि शेवटी फवारणी करणारी बाई नियमाप्रमाणे अंतराळवीरासारखा पोशाख आणि मुखवटा घालून शेतात उतरली. थोड्याच अंतरावर साध्या कपड्यांत वार्ताहर उभे होते. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या त्या फोटोने जी भीती पेरली ती कुठल्याच अहवालाने उपटली गेली नाही. ते उत्पादन कधीच बाजारात आलं नाही. यात काळजी किती होती आणि देखावा किती? आणि आपल्याकडे तर अडवून धरण्याचा शेवट काय होतो हे २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला दिसलं. परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बी शेतकऱ्यांनी उघडपणे, जाहीर करून पेरलं. कापसाचं बी निदान ओळखून पकडता तरी येतं. हिरवट भुकटीच्या पाकिटात काय आहे हे कोण ओळखणार?

यावरूनच मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. सुधारणा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते ‘ताकदवान’ जनुक. १९९८ मध्ये ट्रायकोडर्माचं कायटिन विरघळवणारं जनुक तंबाखू आणि बटाट्यात घालून ती झाडं अनेक बुरश्यांना पुरून उरली, तेव्हा वाटलं होतं की गुरुकिल्ली सापडली. पुढच्याच वर्षी ट्रायकोडर्मातून तेच जनुक काढून पाहिलं तर बोट्रायटिस या रोगकारक बुरशीवरचा तिचा जोर कमी झाला, पण मुळं-कंद कुजवणाऱ्या पिथियमवर काही फरकच पडला नाही. पिथियमच्या भिंतीत कायटिन जवळपास नसतंच, तर फरक पडणार कसा? याच पिथियममुळे होणाऱ्या आले-हळदीच्या कंदकुजीशी झगडणाऱ्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला त्या जनुकाचं कौतुक सांगून काय उपयोग? एक-दोन जनुकांवर सगळी भिस्त ठेवली की काय होतं हे बीटी कपाशीवरच्या बोंडअळीने विदर्भाला चांगलंच शिकवलंय.

दुसरा मोह कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाला न मरणारी ट्रायकोडर्मा घडवण्याचा. हे नवं नाही. अतिनील किरणांनी त्याच्या भावंडाला, बेनोमिलला, सहनशील स्ट्रेन १९८० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेच होते. सोय आहे खरी. रसायन आणि जैविक यांच्यात दिवसांचं अंतर ठेवायची कटकट जाते. पण मग शेतकरी रसायन कमी का करेल? ज्या यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तिथे जैविक उपाय विकताना रासायनिक उपायाची जागा पक्की करायची, हा उफराटा धंदा झाला. असा स्ट्रेन कायद्याने सुरक्षित ठरला तरी मी त्याच्यासाठी भांडणार नाही.

मला हवी आहे ती कमी दिमाखदार सुधारणा. ट्रायकोडर्माला पंचवीस ते तीस अंशांची हवा मानवते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली हात लावला तर पाकीट तापलेलं लागतं. नियमाप्रमाणे एक ग्रॅम भुकटीत किमान वीस लाख जिवंत कण हवेत. एका वर्षी मी विद्यार्थ्यांकडून तीन दुकानांतली तीन पाकिटं आणवली, बटाटा-साखरेच्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, भुकटी पातळ करून पसरली. तिसऱ्या दिवशी एका थाळीत हिरव्या गाद्या दिसल्या, दुसरीत दोन-चार ठिपके, आणि तिसरीत काळी बुरशी, ट्रायकोडर्माचा पत्ता नाही. तिन्ही पाकिटांची मुदत शिल्लक होती. तीन पाकिटांवरून मी राज्याचा निष्कर्ष काढत नाही, पण ती काळी थाळी अजून डोळ्यांपुढे आहे. मांडवातले नैसर्गिक शेतीवाले म्हणतील, बघा, आधी हे सुधारा, मग जनुकं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. तपासणी आजच हवी. पण चाळीस अंशांत सहा महिने जिवंत राहणारा बीजाणू केवळ निरीक्षक नेमून मिळणार नाही, तो बुरशीतच घडवावा लागेल. बुरशी उष्णता कशी सोसते याची यंत्रणा अनेक जनुकांनी चालते आणि तिथेच नेमक्या संपादनाचा खरा उपयोग आहे.

आणि ओळख. बदल केलेल्या स्ट्रेनला डीएनएतली खूण असते, म्हणून तिचा पाठलाग करता येतो. मेरीलँडमध्ये २००० साली मेटारायझियम या कीडनाशक बुरशीत हिरवा चमकणारा प्रथिन-दिवा घालून ती कोबीच्या वाफ्यात सोडली होती. उघड्या मातीत काही महिन्यांत तिची संख्या शंभर पटींनी घटली, मुळांलगत मात्र ती टिकून राहिली. ही माहिती दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे कबूल. पण अशी मोजदाद आपण साध्या ट्रायकोडर्माची तरी कधी केली? दरवर्षी टनावारी भुकटी मराठवाड्याच्या काळ्या मातीत जाते. तिथली मूळची ट्रायकोडर्मा त्यामुळे मागे हटली की नाही, हे मांडवातल्या कुणीच विचारलं नाही.

नियम लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक मित्रबुरशीला, रानातून उचललेली असो की घडवलेली, तीच चार उत्तरं द्यायला लावा: मातीत किती टिकते, कोणाकोणाला खाते, जनुकं इकडून तिकडे नेण्याची सोय तिच्यात किती आहे आणि पाकिटात तीच आहे हे कसं ओळखायचं. जी उत्तरं देईल ती आत, जी देणार नाही ती बाहेर. त्या गृहस्थांना मी मेळावा संपल्यावर चहाच्या टपरीपाशी गाठून हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “आणि आता जी पाकिटं दुकानात आहेत, त्यांनाही हेच विचारणार?” हो म्हणालो. “मग निम्मी दुकानं रिकामी होतील की हो, सर,” ते म्हणाले, आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.